गाडीचं कपाळ

अक्कांनी ओल्या कुंकवाचं बोट बॉनेटवर ओढलं. रेघ उमटलीच नाही. लाल थेंब झाले आणि घरंगळत बंपरवर गेले. त्यांचे चिरंजीव भाऊ, म्हणजे माझं गिऱ्हाईक, वाकून बंपर बघायला लागले. मीच मूर्खासारखा म्हणालो, "बघा! याला म्हणतात कोटिंग!"

जळगावात मेहरूणला माझं गाड्या चमकवायचं दुकान आहे. बायको त्याला भांडी घासणं म्हणते. 'घरची सोडून,' असंही म्हणते.

भाऊंची काळी गाडी आली तेव्हा उन्हात तिच्यावर कोळ्याची जाळी दिसत होती. आम्ही त्याला स्वर्ल मार्क्स म्हणतो. धुळीवरून कोरडं फडकं फिरवलं की पडणारे बारीक, गोल ओरखडे. रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, ओरखडे त्यात असतात. मशीनने तो जरासा घासून सपाट करायचा, वर सिरॅमिक कोटिंग चढवायचं. मग पाणी, चिखल काही टिकत नाही. कुंकूही टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊंच्या मुलाचा धुळ्याला साखरपुडा. सगळे नटूनथटून थेट दुकानातच आले होते. पूजा करायची आणि निघायचं.

"कुकू टिकत नही. हाऊ अपशकून शे," अक्का म्हणाल्या. "हाई गाडीमा मी बसस नही."

"माय, केमिकल शे ते!"

"मंग कुकूपेक्षा तुनं केमिकल मोठं शे का?"

भाऊ माझ्याकडे वळले. "शेठ, काहीतरी करा. आजीशिवाय नवरदेव हलायचा नाही."

मी अक्कल पाजळली. "अक्का, पुढच्या नंबरप्लेटवर काढा ना स्वस्तिक."

"तुनी बायको कुकू हनवटीले लावस का?"

नवरदेवसुद्धा हसला. मी निमूट मशीन काढलं, घासायचं कंपाउंड घेतलं आणि बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढं कोटिंग घासून उडवलं. स्वतःच घातलेले टाके डॉक्टरने स्वतःच उसवावेत, तसं. ती जागा नीट पुसून दिली. अक्कांनी पुन्हा बोट ओढलं. स्वस्तिक ठसठशीत बसलं.

"आते गाडीले कपाय शे," म्हणत त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

पुढे गाडी वॉशिंगला आली. सगळीकडे आरसा, फक्त तेवढ्या तुकड्यावर जाळीच जाळी. अक्का रोज पदराने पुसून नवं कुंकू लावतात म्हणे, पदरही कोरडाच.

"एवढी जाळी काढून द्या ना, शेठ," भाऊ म्हणाले.

"अक्कांना विचारलंत?"

भाऊंनी फक्त वॉशिंगचे पैसे काढून दिले.

आता मी गाडीचं मॉडेल नंतर विचारतो. आधी विचारतो, घरी पूजा कोण करतं? आणि वॉरंटी देताना स्पष्ट सांगतो: कपाळ सोडून.