मिठागराची फिल्म

आमच्या घरात सही करणारा मी पहिला, आणि बी.एस्सी. झालो तोही मीच. त्याचा मला गर्व होता, आजही आहे. म्हणून नौपाड्यातल्या आमच्या शाळेला देणगीतून फिल्मस्ट्रिप दाखवायचं यंत्र मिळालं, तेव्हा त्याला हात लावायचा हक्क फक्त माझा, असं मी परस्पर ठरवून टाकलं. मुलं तीन हात लांब.

सातवीला पहिली फिल्म दाखवली ती मिठाची. खिडक्यांना घोंगड्या, भिंतीवर हेडमास्तरांचं पांढरं धोतर. हेडमास्तर स्वतः मागच्या बाकावर. कुठल्याशा परदेशातलं मिठागर होतं. मी यंत्राची मूठ फिरवून एकेक चित्र सरकवायचो आणि सोबतची इंग्रजी पुस्तिका मराठीत सांगायचो. समुद्राचं पाणी वाफ्यात घेतात, ऊन लागतं, पाणी उडून जातं, मीठ उरतं.

"सर, पानी लगेच नाय सोडीत," अंधारातून एक मुलगी बोलली. कळव्याहून यायची, बाप मिठागरावर. "आदी चिखल पायानं तुडवतात. तल घट्ट नाय झाला तर मिठात माती येते."

बरोबर होतं तिचं. माझ्याइतकं ते वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी मी बापामागे तोच चिखल तुडवलाय. टाचांच्या भेगांत खारं पाणी शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. मी मास्तर झालो तरी बाप तेच काम करत होता. शाळेत मात्र मी 'वडील शेतीवाडी बघतात' असं सांगून ठेवलेलं.

"पडद्यावर साहेबलोक दाखवतायत ते खोटं, आणि तू एकटी खरी का गं?"

वर्ग हसला. कुणीतरी "ए मीठवाली!" म्हणालं. मीही हसलो.

आठवडाभर ती मुलगी तोंडातून शब्द काढेना. मला राहवेना. पुन्हा तीच फिल्म लावली, तिला पुढे बोलावलं, मूठ तिच्या हातात दिली.

"फिरव. आणि सांग मीठ कसं करतात ते."

तिने सांगितलं. घडाघडा. पुस्तिकेतलं, माझ्याच शब्दांत.

"आणि ते चिखल तुडवायचं? त्या दिवशी म्हणालीस ते?"

"नाही सर. चुकलं माझं."

याही वेळी मागच्या बाकावर बसलेले हेडमास्तर खूश. "वा! बघा, याला म्हणतात यंत्राचा उपयोग. एकदा बघितलं की मुखोद्गत!"

एका वाक्याचं काम होतं. 'ती चुकली नाही, हा चिखल मी स्वतः तुडवलाय.' बी.एस्सी. काही कुणी काढून घेणार नव्हतं. ती माझ्याकडे बघत उभी होती. हेडमास्तरही बघत होते.

मी तिच्या हातून मूठ घेतली, "बस खाली" म्हणालो, आणि पुढचं चित्र सरकवलं.