दात येण्याचं वय

लहान मुलांच्या वॉर्डाच्या दाराशी टेबल मांडून बसणाऱ्या कारकूनबाईंना सगळे महिनेबाई म्हणत. कडेवर मूल घेऊन आई दारात आली, की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती महिन्यांचं?"

आधीची अठरा वर्षं मात्र त्या नुसतं "वय?" विचारत. आई म्हणाली "असेल वर्षाचं", की "एक" लिहून मोकळ्या. मग वॉर्डात नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी नोंदवही चाळली आणि हसून विचारलं, "बाई, तुमच्याकडे सगळीच पोरं एकदम वर्षाची होऊनच येतात का हो?"

"आया सांगतात ते लिहिते."

"उलट्या-जुलाब करणारा हा रोटाव्हायरस आपल्याकडे पोरांना कोणत्या वयात गाठतो ते मला पाहायचंय. लस येणार आहे, ती त्याच्या आधी पोचली पाहिजे. चौथा महिना आणि अकरावा महिना, दोन्ही 'एक' म्हणून कसं चालेल?"

बाईंना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या हात धुऊन प्रत्येक आईच्या मागे लागल्या. जन्माचा दाखला घरी राहिलेला असायचा. मग बाई विचारायच्या, मान धरतं का? पालथं पडतं का? रांगतं का? दात किती? घाबरलेल्या आयाही लेकराचं कौतुक सांगताना जरा सावरायच्या. तपासणीत रोटाव्हायरस निघाला, की बाई त्या नावापुढे लाल टिंब देत.

दातांचा प्रश्न त्या विशेष आवडीनं विचारत. दात येताना पोट बिघडतंच, ही त्यांची पक्की खात्री. त्यांची थोरली आठ महिन्यांची असताना अशीच उलट्या-जुलाबांनी मलूल पडली होती. "दात येतायत, उतरेल आपोआप," सासूबाई म्हणाल्या. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मूल गेलं. दातांपुढे कुणाचं काय चालतं, असं म्हणत बाईंनी ते दुःख गिळलं होतं.

सहा महिने झाल्यावर एका दुपारी त्या लाल टिंबं मोजायला बसल्या. बहुतेक पोरं सहा महिने ते दीड वर्षाची. "बघा, मी म्हणत नव्हते?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पण पुढच्याच पानावर बोट अडलं. तीन महिन्यांचं, मान नुकती धरलेली. पुढे साडेचार महिन्यांची मुलगी. मग आणखी दोन. सगळी नुसती बोळकी. आणि एक पोरगा वर्षाचा, पण तोंडात दाताचा पत्ता नाही.

त्या वही घेऊनच डॉक्टरबाईंकडे गेल्या. "दातच नाहीत, तर यांना का झालं?"

"दातांचा संबंधच नाही, बाई. आईकडून मिळालेली ताकद ओसरत जाते. मूल रांगायला लागतं, सापडेल ते तोंडात घालतं. नेमके त्याच दिवसांत दात येतात, म्हणून आळ दातांवर."

बाईंनी वही मिटली. "म्हणजे माझ्या थोरलीला तेव्हा पाणी पाजत राहिलो असतो, लवकर आणलं असतं, तर..."

"वाचलीही असती," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पण तुम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं."

त्या दिवशी बाईंनी आणखी एकही नोंद केली नाही.

दोन महिन्यांनी धाकट्या लेकीचा फोन आला. सात महिन्यांच्या नातीला सकाळपासून उलट्या आणि जुलाब होत होते. बाई जलसंजीवनीची पाकिटं घेऊन तडक लेकीच्या घरी पोचल्या. टाळू खोल गेलेली, जीभ कोरडी.

"एवढं काय घाबरायचं, विहीणबाई? दात येतायत तिला," लेकीच्या सासूबाई म्हणाल्या.

"माझी थोरली याच वाक्यानं गेली, विहीणबाई," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. लेकीनं पोरीला उचललं. रिक्षात बाई चमच्याचमच्यानं पाजत राहिल्या. पोरगी ओकली की थोडं थांबायचं, पुन्हा चमचा. वॉर्डात सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी पोरीनं डॉक्टरबाईंचा चष्मा ओढला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

नातीची नोंद बाईंनी स्वतःच केली. सात महिने, नऊ दिवस. लाल टिंब.

पुढच्या वर्षी लस आली. पहिला डोस दीड महिन्यालाच. विहीणबाई आता गल्लीत कुणाकडे बाळ झालं, की स्वतः जाऊन तारीख सांगून येतात. पण वॉर्डात नातीच्या खाटेशी बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी वेगळंच विचारलं होतं. "थोरली कशी होती हो दिसायला?"

इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. बाई सांगायला लागल्या.