टिटवीची अंडी आणि आमची विद्वान गल्ली

निसर्गप्रेम हा आजार माणसाला पन्नाशीनंतर, रक्तातली साखर वाढली की जडतो. मला तसाच जडला. डॉक्टर म्हणाले, चाला. नुसतं चालणं कमीपणाचं वाटलं म्हणून गळ्यात दुर्बीण अडकवली आणि आमच्या चिटगुप्पा गावाबाहेरच्या तलावाकडं जायला लागलो. माझ्यासारखेच आणखी दोन मास्तर आणि एक निवृत्त अधिकारी भेटले. पाला पडतो म्हणून दारची झाडं तोडून अंगणात फरशी घातलेले आम्ही चौघं, दुसऱ्याच्या बाभळीवरचे पक्षी बघायला पहाटे एवढी पायपीट करायचो. मग फोनवर ग्रुप निघाला. त्यावर एकदा मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ध्यानस्थ बगळा.' सगळ्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि बगळा फुगून फडफडायला लागला. खताची पिशवी होती.

असा मी जाणकार! आणि माझ्याच गच्चीवर आठवडाभर एक टिटवी बोंबलत होती, तर मी तिला शिव्या देत कूस बदलत होतो. शेवटी बायको म्हणाली, "ओ, रोज तलावावर जायलाव, जरा वर जाऊन बघा की ती कामून वरडायलीय."

वर गेलो. टिटवी सरळ टकलावर आली. खाली पळालो, डोक्यावर बादली पालथी घालून पुन्हा गेलो. घर बांधताना उरलेली खडी गच्चीच्या कोपऱ्यात पसरून पडली होती. 'उचलून टाकतो' असं मी बायकोला वर्षानुवर्षं सांगत आलोय. त्या खडीत, खडीच्याच रंगाची चार अंडी. माझ्या आळसावर भरवसा ठेवून कुणीतरी संसार मांडला होता. निसर्गाला माझ्या हातून झालेली मदत ती एवढीच, आणि तीही काही न केल्यामुळं.

"चार अंडी हायत," मी खाली येऊन ऐटीत सांगितलं.

"मग माझी तूर कुठं वाळवू?" बायको म्हणाली.

उगादी, म्हणजे पाडवा, झाली की आमच्याकडं घरोघरी तुरीला तेल चोळून ती गच्चीवर कडक उन्हात टाकतात, मग डाळीला नेतात. तिच्या भावानं हळ्ळीखेडहून पाठवलेली पोती दारात पडली होती. पण तिचं ऐकायला मला सवड कुठली? मी फोटो ग्रुपवर टाकत होतो. 'माझ्या गच्चीवरून', असं वर लिहून.

आपण कुठल्या गल्लीत राहतो हे मी विसरलो होतो. आमच्या भागात टिटवी हा पक्षी नव्हे, ते हवामान खातं आहे. जितकी अंडी तितके महिने पाऊस. टोकं जमिनीकडं असली तर पाऊस भरपूर, आडवी असली तर बोंब. फोटो ग्रुपवरून गल्लीभर फिरला आणि नाश्ता व्हायच्या आत बियाणांचे दुकानदार अण्णा दारात. देवळात सोडावी तशी चप्पल पायरीखाली सोडलेली.

"सर, टोकं कुणीकडं हायत? फोटूत नीट दिसंना."

त्यांच्यामागं अख्खी गल्ली चढली. टिटवी पाण्याच्या टाकीवर चोच वासून ओरडत होती, तिच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. एकजण म्हणाला आडवी, दुसरा म्हणाला खाली. सोयाबीन की तूर, यावर जुंपली. तेवढ्यात अण्णांनी, "कलंडलंय बघा हे," म्हणत एक अंडं उचललं आणि टोक खाली करून नीट खडीत रोवलं. घ्या. पावसाची सोय माणसानं स्वतःच्या हातानं करून घेतली. आणि मी, दुर्बीणवाला पक्षिमित्र, काय करत होतो? चहा वाटत होतो.

गर्दी उतरली तेव्हा गच्ची इतकी तापली होती की पाय ठेववत नव्हता. मग मला सुचलं की आई बसली नाही तर या उन्हात अंडी शिजणार. मी धावत जाऊन रंगाच्या डब्यात वाळू भरली, त्यात छत्री रोवली आणि अंड्यांवर सावली केली. केवढा अभिमान वाटला! जिन्यात बसून बघत राहिलो. टिटवी जवळ येईना. लांबून छत्रीला शिव्या देत राहिली.

बायको वर आली. "ती उन्हाला भ्याली न्हाई, तुमच्या छत्रीला भ्यालीय. काढा ती."

"अगं, पण ऊन..."

"आन् तुमीबी निघा."

तिनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली. थोड्या वेळानं वरचा आवाज थांबला. मी बायकोचं कौतुक करायला गेलो तर म्हणाली, "माया-बिया काई न्हाई. ती उठल्याबिगर माझी तूर वाळत न्हाई. तिचं आटपू द्या." मग तुरीची पोती पाठीवर घेऊन मी शेजारणीच्या गच्चीवर चढवली. शेजारीण रोज विचारायची, "सर, पाखरानं घराभायेर काढलं व्हय तुमाला?"

अण्णांनी मात्र नाद सोडला नाही.

"अक्का, एकडाव वर सोडा की. बियाणाची गाडी सांगायचीय."

"वर रंगकाम चालू हाय, अण्णा."

"वास येईना की रंगाचा."

"चुन्याचं हाय."

एके सकाळी टिटवीचा आवाज शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून यायला लागला. बायकोनं कुलूप काढलं. कठड्यात पावसाच्या पाण्याला ठेवलेल्या भोकातून पिलं, म्हणजे नुसते कापसाचे बोळे, खाली काड्यांचे पाय, एकेक करून गवतात पडत होते. माझा हात फोनकडं गेला.

"ठेवा तो खिशात. गल्लीच्या तोंडाला जाऊन हुबं ऱ्हावा. कुत्रं आन् अण्णा, दोगांलाबी आत सोडू नका."

कुत्रं दगड दाखवल्यावर गेलं. अण्णांना मी बियाणांचे भाव विचारत अडकवून ठेवलं. दर दोन वाक्यांनी ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते. प्लॉटमधून टिटवी पिलांना घेऊन काट्यांत शिरली. तीन पिलं होती.

मग अण्णा गच्चीवर चढले. चौथं अंडं खडीत तसंच पडलेलं होतं. त्यांनीच रोवलेलं ते, की दुसरं कुठलं, आता कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनी ते लांबूनच निरखलं, मान हलवली आणि जिना उतरता उतरता फोन लावला. "तीनच महिने पाऊस हाय. मूग जास्ती टाक."

मी अंडं उचललं. गरम होतं. गच्चीवरची खडीही तेवढीच गरम होती.