बैलांच्या घंट्या आणि पंचफुलाबाईंची कॅसेट

साताऱ्याहून निघताना माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा सेल जास्त होते. टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन नागपूर गाठलं. वाटेत डब्यातल्या प्रत्येकाला तो चालू करून दाखवावा लागला. मलाही हौस दांडगी, कुणाला नाही म्हणालो नाही. नागपूरहून एस.टी.ने ब्रह्मपुरीमार्गे आरमोरी. पोचेपर्यंत अंगावर धुळीचा असा थर होता की उतरवून घ्यायला आलेल्या रामटेके गुरुजींनी मला आवाजावरूनच ओळखलं.

गुरुजी माझे जुने मित्र, जवळच्याच एका खेड्यात शिक्षक. त्यांच्या गावच्या गाण्याच्या पार्टीचा कार्यक्रम टेप करायला त्यांनी मला बोलावलं होतं.

गाव दिवाळीनंतरचं, धानाच्या कापणीतलं. बांधीत (धानाचा वाफा) अर्ध्या ठिकाणी पेंढ्या पडलेल्या, बोडीत (गावतळं) कमळं आणि म्हशी. गुरुजींच्या घरी भात, लाखोळीचं वरण आणि झिंग्यांची चटणी असं जेवण झालं. भात इतका वाढला की मी ताटावर हात आडवा धरला, तर वहिनींनी हाताच्या बाजूने वाढला.

संध्याकाळी पार्टीचा सराव ऐकला आणि मी सरसावून बसलो. एक बँजो (बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य), एक ढोलकी आणि पंचफुलाबाई. गाणी भीमगीतं, शब्द बाईंचे स्वतःचे. पण लय अशी की बँजोला गाठायला ढोलकी धावतेय आणि बाई दोघांच्याही पुढे. आवाज गोड अजिबात नाही. खरखरीत, भांडायला उभा राहिलेला, आणि तरी नेमका सुरात. मला तो फार आवडला.

सराव संपल्यावर त्यांचे यजमान दयारामभाऊ मला बाजूला घेऊन गेले. बोलणं कमी असलेला, उंच, वाळका माणूस. बाईंच्या गळ्यात गाठ झाली होती, दोन-चार दिवसांत नागपूरला नेऊन ती काढायची होती.

"डाक्टर म्हणते, गाठ काढाच लागन," ते म्हणाले. "मंग आवाज राह्यला तं राह्यला. म्हनून म्हनतो भाऊ, टेप साफ झाली पाह्यजे."

साफ टेप म्हटल्यावर एक अडचण होती. इकडच्या कार्यक्रमात गाणं रंगलं की ऐकणारा उठतो, रुपया, नारळ, नाहीतर नुसतं फूल बक्षीस देतो. गायकाने तिथेच थांबायचं, देणाऱ्याचं नाव-गाव पुकारायचं आणि सोडल्या जागेवरून पुन्हा गाणं उचलायचं. एका गाण्यात असं पाच-सात वेळा होतं. मी हे बोलून दाखवलं. दयारामभाऊंनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरापुढे मांडव उभा राहिला. सगळं गाव आलं होतं आणि आवाज म्हणून नव्हता. दयारामभाऊ सकाळपासून घरोघर जाऊन आले होते. कुणी उठायचं नाही, टाळी नाही, खोकलासुद्धा नाही. गावातल्या बैलांच्या गळ्यातल्या घंट्या त्यांनी सोडवल्या होत्या. कोंबड्या सांदवाडीत (परसात) झाकल्या होत्या. तान्ह्या पोरांना घेऊन बाया पार बोडीच्या पाळीवर (बांधावर) जाऊन बसल्या होत्या. मी मनात म्हटलं, असा स्टुडिओ पुण्यातही मिळायचा नाही.

पहिली बाजू झाली. टेप आरशासारखी स्वच्छ, आणि गाणं मात्र उतरवून ठेवलेल्या सदऱ्यासारखं. बँजोवाल्या गौतमचा हात अडखळू लागला. ढोलकी खाली मान घालून वाजत राहिली. बाई गात होत्या, समोर बघत होत्या, आणि समोरून काहीच येत नव्हतं. मी कॅसेट उलटून घातली, बटण दाबलं, दुसरं गाणं सुरू झालं आणि त्या मध्येच थांबल्या.

"मी मेली नाई अजून," त्या गावाला म्हणाल्या. "काऊन असे मुके बसले?"

मी घाईने म्हटलं, बाई, टेप छान येतेय.

"तुमची टेप येऊन राह्यली भाऊ, माहा गाना नाई येऊन राह्यला."

कुणीतरी हसलं. एका म्हातारीने उठून नारळ ठेवला. बाईंनी तिचं नाव पुकारलं आणि गाणं असं उचललं की गौतम दचकला. मग काय विचारता! माणसं उठत होती, नावं पडत होती, टाळ्या, शिट्ट्या, पाळीवरची पोरंसुद्धा परत आली. मी टेपरेकॉर्डरवरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईकडे बघणं सोडून दिलं.

शेवटी मागून दयारामभाऊ आले. हातात झेंडूचं एक फूल. मांडव एकदम गप्प झाला, कारण फूल घेतलं की नाव पुकारायला हवं, आणि बाईंनी नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात चारचौघांत घेतलेलं नव्हतं. कार्यक्रमालाही ते कधी पुढे येत नसत. बाईंनी फूल घेतलं.

"बैलायच्या घंट्या सोडून अख्खं गाव मुकं करनारे," त्या म्हणाल्या, "माह्या घरचे दयाराम, यायच्याकडून एक फूल!"

पुढचं गाणं गलक्यात बुडालं ते बुडालंच.

गावाहून मी चंद्रपूरला गेलो, तिथल्या कॅसेटच्या दुकानात एक प्रत करून घेतली. मोहर्लीला जाऊन ताडोबाचं जंगल पाहिलं. वाघ दिसला नाही, माकडाने केळी नेली. मग वरोऱ्याच्या बाजूने, कापसाच्या गाड्यांमागे रखडत, नागपूर.

दवाखान्यात बाई उशीला टेकून बसल्या होत्या, गळ्याला पट्टी. गाठ निघाली होती, जीव वाचला होता. आवाज येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं दयारामभाऊंनी मला दारातच हळू सांगितलं. मी कॅसेट भाऊंच्या हातात दिली आणि टेप सुरू करून दिला. त्यांनी गाणं ऐकलं नाही. पुढे पळवत, थांबवत, चाचपडत त्यांनी ती जागा शोधली. दवाखान्यातल्या त्या खोलीत तो खरखरीत आवाज म्हणाला, माह्या घरचे दयाराम.

बाई आवाज न करता हसल्या आणि बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा. भाऊंनी टेप मागे घेतली.

साताऱ्यात परतल्यापासून पाहुण्यांना मी ती कॅसेट ऐकवतो. मधली पुकारलेली नावं कापून टाक, असा सल्ला सगळेच देतात. पहिली बाजू अगदी स्वच्छ आहे. ती मी पुन्हा लावलेली नाही.