मिटल्या डोळ्यांची तपासणी

मांजरीला लस टोचून घ्यायला मी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेले होते. आवारात दिवस भरत आलेली एक गाय उभी होती. आदल्या दिवशी चरताना ती ओढ्यात घसरून पडली होती. पोटातलं वासरू जिवंत आहे ना, एवढंच तिच्या मालकिणीला विचारायचं होतं.

तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवला, शेपटीखालून हात आत घातला आणि डोळे मिटून घेतले. बघायचं ते बोटांनी, उगाच डोळ्यांची लुडबुड नको. ते पाहून मालकिणीनेही डोळे मिटले. मग मीही.

देवळात मी सवयीने डोळे मिटते; मन बाहेर चपलांपाशी असतं. इथे शेणाच्या वासात, मांजरीची टोपली पोटाशी धरून, मी अगदी मनापासून काहीतरी मागत होते. तेही दुसऱ्याच्या गाईसाठी.

"जिवंत आहे, मावशी! खुराला चिमटा काढला तर पाय मागे ओढला त्यानं."

मावशींनी तो बरबटलेला हात धरला आणि कपाळाला लावला.

"अहो मावशी, घाण आहे तो!"

"असू दे गं बाई. माझ्या वासराला भेटून आलाय."