मामांचं दोषपत्रक

शर्यतीत ठरवून शेवटचा येणारा, आणि वर पहिल्या आलेल्याला नावं ठेवणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो चार दिवसांसाठी म्हणून आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर येऊन चार महिने राहिला. हे आमच्या ह्यांचे सख्खे मामा. श्रीरामपूरचे. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशावर लावत. नगरच्या उकाड्यात घरातले बाकीचे पुरुष बनियनवर बसलेले असायचे, पण मामा गळ्यापर्यंत बटणं लावून शर्टात, कारण बनियनला बिल्ला लागत नाही.

मामींनी त्यांना आमच्याकडे पाठवलं ते डोळ्यांसाठी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि डावाही धरायला लागला होता. मामी एसटीडी बूथवरून मला म्हणाल्या, "अगं, परवा शेजाऱ्याचा बैल दारात हुभा हुता, त्याला ह्ये म्हनले, या पाव्हनं, आत या. आपरेशन केल्याबिगर माघारी धाडू नको." मी दुसऱ्याच दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, उजव्याचं लगेच करून घ्या, फार उशीर केला तर डोळाच हातचा जाईल. मामा म्हणाले, "अजून पिकला न्हाई." डॉक्टर म्हणाले, "बाबा, तो काय पेरू आहे का?" मामा शांतपणे म्हणाले, "राहात्याचा पेरूबी घाई केली तर तुरट लागतो," आणि उठून चपला घालायला लागले.

हट्टाचं कारण मला मामींकडूनच कळलं होतं. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले म्हणून मामांच्या हातातलं स्टिअरिंग गेलं आणि त्यांना डेपोच्या फाटकावर बसवण्यात आलं. गाडी बाहेर गेली, लिहा. गाडी आत आली, लिहा. ही गोष्ट ते कुणालाही सांगत नसत. डोळ्याचा डॉक्टर म्हणजे हातातली गाडी काढून घेणारा माणूस, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आता काढून घ्यायला गाडी उरली नव्हती, पण भीती उरली होती. मी मात्र मनाशी ठरवलं होतं की हा माणूस दोन्ही डोळ्यांनी धड बघत श्रीरामपूरच्या गाडीत बसेल, तेव्हाच माझी सुटका.

गाडी त्यांना आमच्या माळ्यावर मिळाली. मुलीची दहावी होती, म्हणून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मी कॅसेटींसकट माळ्यावर टाकला होता. मामांचा दिवस जात नाही हे बघून ह्यांनी तो खाली काढला आणि जोडून दिला. पहिलीच कॅसेट निघाली मोटारींच्या शर्यतीची. तेव्हापासून मुलगी आतल्या खोलीत भूमिती करत असे आणि बाहेरच्या खोलीत तिचे साठीचे आजोबा गाडी चालवत असत.

मामा सोफ्यावर बसत नसत. "ड्रायव्हर कधी सोफ्यावर बसतो का?" असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल नेलं, ते मला चार महिने परत मिळालं नाही. सुरू करण्याआधी टीव्हीभोवती एक फेरी मारून सगळ्या वायरी हाताने चाचपायचे, कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारायचे आणि मग रिमोट हातात घ्यायचे. बाकीच्या मोटारी बंदुकीच्या गोळीसारख्या सुटायच्या. मामा आधी त्या सगळ्यांना जाऊ द्यायचे. मग वेग हळूहळू वाढवत, वळणावर कमी करत, तोंडाने हॉर्न देत ते निघायचे. मागच्याने पुढे जायचा प्रयत्न केला की डावीकडे सरकून त्याला वाट द्यायचे. वेळ संपायचा, पडद्यावर हरल्याची पाटी यायची, आणि मामा आमच्याकडे वळून म्हणायचे, "एक खरचटा न्हाई गाडीला. बाकीचे लई ट्रकवाले दिसत्यात."

हळूहळू कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याकडून एकेक गेम बदलून यायला लागला आणि मामांची प्रत्येकाबद्दल मतं तयार व्हायला लागली. खड्ड्यांवरून उड्या मारत पळणाऱ्या माणसाचा जो गेम होता, त्याच्याविषयी त्यांचा आक्षेप असा, की समोरून कुणी येत असेल तर ज्याच्या बाजूला रस्ता अरुंद त्याने थांबायचं असतं. त्यामुळे त्यांचा माणूस कधीच उडी मारायचा नाही. समोरून येणाऱ्या किड्यामुंग्यांना वाट देत तो कडेला उभा राहायचा आणि ते किडे येऊन त्याला मारायचे. त्याला तीन जीव मिळतात हे तर मामांना अजिबात मान्य नव्हतं. "तीन जीव दिले की मानूस बेफिकीर हुतो. आमाला एकच दिला हुता, म्हनून नीट चालवली." ह्यांनी हसून विचारलं, "मामा, मग उरलेले दोन परत करणार का?" तर मामा गंभीरपणे म्हणाले, "कुठं जमा करायचे ते सांग."

वरून पडणाऱ्या विटा रचायचा गेम मात्र त्यांना पसंत होता. त्यांचं म्हणणं, हा करणाऱ्याने बसच्या टपावर कधीतरी सामान लादलेलं असणार. लांब नग कडेला, चौकोनी मध्ये, फट ठेवायची नाही. तक्रार एकच होती, की ओळ पुरी भरली की गायब होते. "अरं, उतारूंचं सामान मधीच कुठं उतरलं? पुढच्या स्टँडला कोन जबाब देनार?" आणि प्लास्टिकच्या बंदुकीने पाखरं पाडायच्या गेमला तर त्यांनी एकदाच हात लावला, बारा गोळ्या झाडल्या, एकही पाखरू पडलं नाही, तेव्हा बंदूक खाली ठेवून म्हणाले, "मुक्या जिवांवर गोळी चालवनं आपल्याला जमायचं न्हाई." मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. रविवारी मटणाचा रस्सा त्यांनी तीनदा वाढून घेतला, तेव्हा तो आदर थोडा कमी झाला.

एसटीत अशी पद्धत असते, की ड्यूटी संपली की ड्रायव्हरने गाडीत काय बिघाड आहे ते लिहून द्यायचं. ते वाचून मेकॅनिक गाडी दुरुस्त करतो. मामांनी ही पद्धत आमच्या घरात सुरू केली. नवा गेम आला की त्या संध्याकाळी टीव्ही बंद करून माझ्या शाळेतले उरलेले परीक्षेचे कागद मागून घ्यायचे आणि त्या दिवशीच्या गेमचं दोषपत्रक लिहायचे. प्रत्येक गेमला ते गाडीच म्हणत. वर गाडीचं नाव, खाली दोष, खाली सही. अक्षर टपोरं आणि भाषा अगदी सरकारी. लिहून झालं की स्वयंपाकघरात आणून मला द्यायचे, जणू मीच डेपो मॅनेजर. मी पोळ्या लाटता लाटता "बरं, मामा" म्हणायचे आणि तो कागद भिंतीवरच्या विजेच्या बिलांच्या क्लिपमध्ये अडकवायचे. वाचला कधीच नाही. घरात सहामाहीचे पेपर तपासायला पडलेले असताना आणखी हस्ताक्षरं वाचायची हौस कुणाला असते?

इकडे डोळ्यांचं काहीच पुढे सरकत नव्हतं. ह्यांनी सांगून पाहिलं, मी रागावून पाहिलं, मामींनी बूथवरून रडून पाहिलं. मामांचं उत्तर एकच, "दिवसभर गाडी चालवतोय, एक अपघात न्हाई. डोळं खराब असते तर चालवली असती का?" डॉक्टरांनी दिलेली तारीख दोनदा टळली. तिसऱ्या वेळी डॉक्टर मला म्हणाले, "बाई, आता त्यांना उचलून आणा."

मग एका रविवारी दुपारी रद्दीवाला येणार म्हणून मी कागद वेगळे काढत बसले होते, तेव्हा ती क्लिप हाताला आली. सोळा दोषपत्रकं होती. टाकण्याआधी सहज चाळली. "गाडी: रणगाड्याची. दोष: उजव्या बाजूचा आरसा नाही. शत्रू अचानक येतो." "गाडी: उड्यांची. दोष: हेडलाइट मंद. खड्डा जवळ आल्यावर कळतो." "गाडी: पाखरांची. दोष: आभाळ कायम ढगाळ." "गाडी: विमानांची. दोष: समोरच्या काचेवर धूळ, पुसली तरी जात नाही. उजवीकडून येणाऱ्या गोळ्या दिसत नाहीत." अशी सोळाच्या सोळा. आणि एकेका कागदाबरोबर अक्षर मोठं मोठं होत गेलेलं. शेवटच्या कागदावर तर सहीलाच जागा उरली नव्हती.

मास्तरकीत वीस वर्षं गेली माझी. सोळा पेपरांत एकच चूक दिसली की मी काय समजायचं ते समजते. कागद घेऊन बाहेर गेले. मामा विटा रचत होते.

"मामा, जरा गाडी थांबवा."

"थांब्यावर थांबवतो," ते म्हणाले, आणि डाव संपवून वळले.

मी एकेक दोषपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. आधी ते मान डोलावत होते, आपलंच लिहिलेलं ऐकून खूश होते. सात-आठ झाल्यावर मान थांबली. सगळी वाचून झाल्यावर मी विचारलं, "मामा, डेपोतल्या सोळा गाड्यांच्या दोषपत्रकांत एकच दोष आला, आणि सोळाही गाड्या एकाच ड्रायव्हरनं चालवलेल्या असल्या, तर मेकॅनिक काय म्हणतो?"

हातातला रिमोट त्यांनी स्टुलाखाली ठेवला. मग म्हणाले, "ड्रायव्हर तपासा म्हनतो."

"मग?"

"मग काय. नोकरीत असताना असंच झालं हुतं, सूनबाई. मी महिनाभर काच पुसत हुतो."

मी ते सोळा कागद नीट लावून त्यांची घडी घातली. मामा पुढे म्हणाले, "पन आता काढून घ्यायला काय हाय माझ्याकडं? हा तुझा डबा. चल, तारीख घे."

मंगळवारी ऑपरेशन झालं. टेबलावर चढताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "इंजिन बंद करनार का चालू इंजिनावर करनार?" डॉक्टर म्हणाले, डोळ्यापुरतीच भूल देणार, तुम्ही जागे असाल. मामा म्हणाले, "मग घाई करू नका. आमी मधी बोलनार न्हाई." आणि खरंच बोलले नाहीत. पट्टी निघाली तेव्हा मी समोर उभी होते. ते माझ्याकडे डोळे बारीक करून, मग मोठे करून बघत राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, तुजं क्यास कधी पिकलं?" मी म्हटलं, "तुम्ही पेरूची वाट बघत होतात तेव्हा." डॉक्टरसुद्धा हसले.

सहा आठवडे टीव्ही बंद होता. ती मुदत संपल्यावर, नवा चष्मा लावून मामांनी शर्यतीची गाडी काढली. टीव्हीला फेरी झाली, फुंकर झाली. मला वाटलं, आता हे पहिले येणार. मामांनी अर्धी फेरी मारली आणि रिमोट बाजूला ठेवला.

"काय झालं? दिसत नाही का?"

"दिसतंय की. समदं दिसतंय." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ही झाडं न्हाईत गं. नुसते हिरवे चौकोन हायेत."

"मग आधी काय दिसायचं तुम्हाला?"

"कडुलिंब. बेलापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी हुते तसे. रस्ता रुंद केला तवा तोडले. आन त्या तिथं, मोरीपाशी, एक मास्तरीन बाई छत्री घिऊन हुभ्या असायच्या. थांबा नव्हता तिथं, पन मी घ्यायचो त्यांना. इथंबी दिसायच्या, रोज. आता बघितलं तर पांढरा दगुड हाय."

मी म्हटलं, "वाईट वाटलं का?"

"छ्या. खरं दिसतंय ते बरंच की," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला, आणि मला त्यांच्या आवाजात काही शोधूनही सापडलं नाही. चार दिवसांनी ते श्रीरामपूरला गेले. स्टँडवर लांबूनच सगळ्या गाड्यांच्या पाट्या मला मोठ्याने वाचून दाखवल्या, ड्रायव्हरच्या मागचं सीट पकडलं, आणि गाडी हलताना मला हात करायलाही विसरले, कारण ते समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. पुढे दुसऱ्या डोळ्याचं त्यांनी आपलं आपण तारीख ठरवून करून घेतलं. मामा त्यानंतर बरीच वर्षं होते. मामींची तक्रार एवढीच, की आता ह्यांना भाजीतला केससुद्धा दिसतो.

मुलीची दहावी चांगली पार पडली आणि तिला त्या गेमचा कंटाळा आला. कुणाला तरी देऊन टाकायचा म्हणून मी तो पुसायला काढला होता, तेव्हा चालतो का बघावं म्हणून जोडला. शर्यतीची कॅसेट आतच होती. घरात कुणी नव्हतं. माझी गाडी पहिल्याच वळणावर बाहेर गेली, दुसऱ्या खेपेला जरा जमली. मलाही लांबचं बघायला चष्मा लागतो, तेव्हाही लागायचा. का कोण जाणे, मी चष्मा काढून सोफ्यावर ठेवला. खरंच, कडुलिंबच होते. मोरी आली, तिथे पांढरं काहीतरी उभं होतं. मी वेग कमी केला.