कापलेलं अडखळणं

शूटिंगवाल्यानं बनवलेला व्हिडिओ मंगल कार्यालयात सुरू झाला, की तो पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा. एका हातात रिमोट, दुसरा कमरेवर आणि नजर समोरच्या खुर्च्यांवर. कोण रुमाल काढतं, कोण चष्मा पुसतं, हे तो बघत असे. “डोयात पानी आलं पायजे भाऊ, नाईतर मेहनत फुकट,” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मलकापुरात माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला लागून त्याचा स्टुडिओ होता. लग्न, बारसं, निवृत्ती, तेरवी, कशाचाही तो पाच मिनिटांचा सिनेमा करून देई. असे सिनेमे तुम्हीही पाहिले असतीलच. पाणी काढायची त्याची कृती पक्की होती: आधी लहानपणीचे फोटो दाखवून हसवायचं, मग बासरी, मग आई. एका निवृत्त हेडमास्तरांच्या आईचा फोटोच मिळेना, तर यानं मावशीचा घातला. मास्तर तरीही रडले. मी नंतर छेडलं, तर म्हणाला, “रडले ना? मंग?”

आवाजाच्या बाबतीत मात्र भलताच काटेकोर. खोकला, पंख्याची घरघर, मधेमधे थांबलेल्या जागा, सगळं काढून टाकी. तांदूळ निवडावेत तसा हेडफोन लावून माणसांचं बोलणं निवडत बसे. माझ्या आईच्या पंचाहत्तरीला त्यानं तिचं बोलणं इतकं स्वच्छ केलं, की तिला वाटलं आपण बातम्याच देतोय. आम्ही पोट धरून हसलो होतो.

मग आमच्याच गल्लीतल्या पल्लवीचं लग्न ठरलं. तिचे वडील कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होते आणि काही वर्षांपूर्वी अचानक गेले. बोलताना ते फार अडखळायचे. शब्द ओठाशी येऊन अडायचा आणि ऐकणाऱ्यानं वाट पाहायची. आम्हा शेजाऱ्यांना त्याची सवय होती. शूटिंगवाला मूळचा संग्रामपूरकडचा. तो मलकापुरात आला तेव्हा ते हयात नव्हते, त्यामुळे त्यानं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

पल्लवी बुलढाण्याला काकांकडे शिकायला होती, तेव्हा वडील काकांच्या फोनवर तिच्यासाठी निरोप बोलून पाठवायचे. त्यातला एक काकांकडे राहिला होता. हळदीच्या संध्याकाळी तो व्हिडिओत ऐकवायचा आणि पोरीला चकित करायचं, असं काका आणि शूटिंगवाल्यानं गुपचूप ठरवलं.

व्हिडिओ लागला. लहानपणीचे फोटो आले, हशा झाला, बासरी सुरू झाली. मग वडिलांचा फोटो आणि त्यामागून आवाज: “पल्लवी, जेवली का? उद्या येतो मी.” सरळ, स्वच्छ, एका दमात. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. आवाज त्यांचाच होता, पण असं बोलताना मी त्यांना उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. शेजारी बसलेल्या बायकोनं माझा हात घट्ट धरला.

पल्लवी हळदीच्या अंगानं तशीच उठून उभी राहिली. डोळे कोरडे.

“हे कोन बोलून राह्यलं?” ती म्हणाली. “हे माहे बाबा नाहीत.”

आई तिला धरायला धावली. शूटिंगवाल्याला व्हिडिओ बंद करायचंही सुचलं नाही, बासरी वाजतच राहिली. काकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की दादा अडखळत बोलायचा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फोनला रेंज नसल्यानं आवाज तुटतोय, असं त्याला वाटलं होतं. म्हणून तुटलेलं तेवढं त्यानं कापून टाकलं होतं.

मूळचं लाव, असं काका म्हणाले. पण मूळचं कुठंच नव्हतं. काम झालं की कच्चं रेकॉर्डिंग फोनमधून, कॉम्प्युटरमधून पुसून टाकायची याची सवय. आणि काकांनी लग्नासाठी नवा फोन घेतला होता, जुना सगळं पुसून देऊन टाकला होता. हे ऐकून पल्लवीची आई मटकन खाली बसली. नवऱ्याचा एवढाच आवाज शिल्लक होता.

त्यानंतर त्याचं कामात लक्ष लागेना. दुपारी शटर ओढायचा आणि पल्लवीच्या वडिलांच्या ओळखीची माणसं शोधत फिरायचा. जिनिंगमध्ये, नातेवाइकांकडे, चहाच्या हॉटेलात. त्यांचा एखादा मेसेज फोनमध्ये राहिलाय का, कसाही चालेल, एवढंच विचारी. लोक म्हणत, याला वेड लागलंय. मलाही तसंच वाटू लागलं होतं. शेवटी जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या माणसाकडे एक सापडला. कापसाच्या गाडीची चौकशी, बस्स.

आता तो इथं नाही. मुलाकडे नाशिकला गेला आणि त्याच्या स्टुडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. मला तो आठवतो, तो पल्लवीच्या सासरच्या ओसरीवर उभा असलेला. एकट्यानं जायची हिंमत होईना, म्हणून त्यानं मला सोबत नेलं होतं. चहा नको म्हणाला, बसलाही नाही. फोन तिच्यापुढं धरला.

“म्या याले काईच नाई केलं,” तो म्हणाला. “जसा होता तसाच आनला.”

पल्लवीनं तो मेसेज लावला. आधी यंत्रांची घरघर, मग खोकला, मग तिचे बाबा.

“गा... गा... गा...” शब्द अडला.

“गाडी,” पल्लवी हळूच म्हणाली, लहानपणी त्यांचा अडलेला शब्द पुरवायची तशी, आणि पुढचं त्यांना बोलू द्यायला थांबली.